तोफांच्या वाटेवर सायकल

सायकलला कुलूप लावलंत? मग ती इथेच, शां द मार्सच्या मैदानाच्या कडेला राहू दे. आत ती चालवण्यात अर्थ नाही. गल्लीचा उतार असा आहे की ब्रेक दाबून धरले तरी चाक घसरतं, आणि रस्त्याच्या मधोमध वाहत्या पाण्याचा पाट आहे. शिवाय आपण ज्या वर्षांत शिरणार आहोत त्यांतल्या बहुतेकांत सायकल नावाची वस्तूच जन्माला आलेली नाही. हेल्मेट काढून हातात घ्या. बुटांच्या क्लीट दगडांवर वाजणार, लोक वळून बघणार, त्याला इलाज नाही.

समोर दिसतोय तो पिन्यरोल दरवाजा. ब्रियाँसाँ हे गाव फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या कुशीत, १,३२६ मीटर उंचीवर आहे. म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वरच्याच उंचीचं. पण इथून इटलीची हद्द दोन-तीन तासांच्या पायपिटीवर आहे, आणि गावाची सगळी कुंडली त्या एका गोष्टीने लिहिली आहे. उन्हाळ्यात इथे जगभरचे सायकलवाले येतात. एका बाजूला इझोआरचा घाट, दुसऱ्या बाजूला गालिबिए, मध्ये लहानमोठे चार-पाच. तुम्हीही त्यासाठीच आलात. हरकत नाही, घाट कुठे पळून जात नाहीत. आधी दरवाजातून आत चला.

बदल पहिल्यांदा नाकाला कळतो. ओल्या राखेचा वास आहे. वर्ष १६९२, हिवाळा तोंडावर आलेला. जानेवारीत लागलेल्या आगीत गावाचा बहुतेक भाग जळून गेला. लाकडी घरं, लाकडी छपरं. आग एका टोकाला लागली आणि दुसऱ्या टोकाला जाऊनच थांबली. ते निस्तरत असतानाच उन्हाळ्यात साव्हॉयचा ड्यूक फौजेनिशी डोंगर उतरून आला, खालचं आंब्रं घेतलं, गाप जाळलं. ब्रियाँसाँ तेवढ्यापुरतं वाचलं. पण अर्धवट भिंती आणि जळके वासे घेऊन बसलेलं हे गाव पुढच्या वर्षी वाचेल याची खात्री कुणालाच नाही. म्हणून चौदाव्या लुईने आपला सगळ्यात भरवशाचा माणूस धाडला आहे.

तो पाहा, तटाच्या कडेला उभा आहे. सेबास्तियाँ द व्होबाँ, राजाचा किल्लेबांधणीचा इंजिनियर. वय ५९. गालावर जुन्या गोळीची खूण. याच वर्षी त्याने नामूरचा किल्ला राजाला जिंकून दिला, आणि आता त्या सपाट मुलखातून उठून तो इथे आलाय, जिथे सरळ शंभर पावलं टाकायला जागा नाही. तुम्ही जरा जवळ गेलात म्हणून त्याच्या हाताखालच्या माणसाने मोजणीच्या दोरीचं एक टोक तुमच्या हातात दिलं आहे. धरा घट्ट. "नाही" म्हणण्यासारखी ही मंडळी नव्हेत.

दोरी धरून उभं राहिलात की व्होबाँची अडचण आपोआप दिसते. सपाट जमिनीवर तो चांदणीच्या आकाराचे बुरूज आखतो. एका बुरुजावरून दुसऱ्याचा पाया राखता येतो, शत्रूला लपायला कोपरा उरत नाही. इथे तसं आखायचं कुठे? तटाची एक बाजू दरीत, दुसरी कड्याला टेकलेली. त्याहून वाईट म्हणजे नदीपलीकडचे डोंगर गावाहून उंच आहेत. तिथे तोफ चढवली की कितीही जाड तट बांधा, गोळा वरून थेट स्वयंपाकघरात येणार. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि मग तिथून पुरंदरावर तोफा लावल्या. पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. शेजारचा डोंगर ज्याचा, किल्ला त्याचा. व्होबाँ हेच पाहतोय. तूर्त तो असलेला तट दुरुस्त करायला, दुहेरी करायला, उतारावर एकाखाली एक पायऱ्यांनी उतरवायला सांगेल. १७०० मध्ये पुन्हा येईल आणि त्या समोरच्या डोंगरांवर गड बांधा म्हणून लिहून देईल. सरकारी काम असल्यामुळे ते त्याच्या हयातीत होणार नाही. तो १७०७ मध्ये जाईल.

दोरी परत करा. चला खाली.

ही मुख्य गल्ली, ग्रांद गार्गुय. मध्ये दगडी पाट, त्यातून पाणी इतक्या वेगाने जातंय की त्यात टाकलेली काडी डोळ्याला सापडत नाही. हे पाणी गावाच्या वरून, डोंगरातून आणलंय, आणि ते शोभेसाठी नाही. ते आगीसाठी आहे. १६२४ मध्ये एकदा गाव जळलं, १६९२ मध्ये पुन्हा. पाट तेव्हाही होता. नुसतं पाणी जवळ असून भागत नाही, हा धडा घेतल्यावर घरं दगडी झाली. आज तुम्ही ज्या उंच, अरुंद, रंगीत दर्शनी भिंतींचे फोटो काढता त्या बहुतेक त्यानंतरच्या. घरं एकमेकांना इतकी चिकटून उभी आहेत की तुम्ही गल्लीच्या मध्यावर आलात तरी आकाशाची पट्टीच दिसते.

आणखी थोडं खाली गेलात की वर्ष पुन्हा सरकतं. अठरावं शतक, पानगळीचे दिवस, बाजार भरलेला. लोकर, चीज, खेचरं, शिंप्यांसाठी मऊ पांढऱ्या दगडाचा खडू. हो, कापडावर खुणा करायचा तो खडू युरोपात ब्रियाँसाँच्याच नावाने ओळखला जातो. पण तुमचं लक्ष वेधून घेतात ती गर्दीत उभी असलेली काही माणसं. अंगावर जाडेभरडे कपडे, पायात खडबडीत बूट, आणि टोपीत खोचलेली पिसं. कुणाच्या टोपीत एक, कुणाच्या दोन, क्वचित एखाद्याच्या तीन.

हे मास्तर आहेत. कामावर ठेवून घ्या म्हणून बाजारात उभे आहेत. एक पीस म्हणजे हा वाचायला शिकवेल. दोन म्हणजे हिशेबही शिकवेल. तीन असली तर लॅटिनसुद्धा. खालच्या सखल प्रदेशातले शेतकरी, गावांचे कारभारी इथे येतात, पिसं मोजतात, घासाघीस करतात आणि हिवाळ्यापुरता मास्तर घेऊन जातात. वसंतात बर्फ वितळलं की मास्तर घरी परततो आणि नांगराला हात घालतो.

तीन पिसांच्या त्या गृहस्थासमोर जरा थांबा. हाताला शेतकऱ्याचे घट्टे आहेत. बोटांवर शाईचे डाग आहेत. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत सही करता येणारा माणूस शोधावा लागत होता त्या काळात या बर्फाळ दऱ्यांमध्ये अक्षरओळख सर्रास होती, आणि त्याचं कारण हवापाण्यात जितकं आहे तितकंच एका कागदात आहे. हिवाळ्यात पाच-सहा महिने शेतात काही करता येत नाही, हे खरं. पण असे हिवाळे आल्प्सभर आहेत. सगळीकडे मास्तर पिकले नाहीत.

तो कागद पाहायचा तर १३४३ मध्ये जावं लागेल. या प्रांताचा धनी हंबर्ट दुसरा. खर्चिक माणूस, कायम पैशांच्या विवंचनेत. २९ मे १३४३ रोजी इथल्या गावकऱ्यांनी त्याच्याशी सौदा केला: १२,००० सोन्याची फ्लोरिन रोख, वर दरसाल ठरावीक रक्कम; बदल्यात आमच्यावरचे सरंजामी हक्क सोडा. जमीन आमची, पंच आम्ही निवडणार, करवसुली आम्ही करणार. घाटाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मिळून पाच टापूंनी ही सनद घेतली. त्या टापूंना एस्कार्तों म्हणत. ब्रियाँसाँ त्यांतलं मुख्य. सहा वर्षांत हंबर्टने उरलेला प्रांतही फ्रान्सच्या राजघराण्याला देऊन टाकला, पण सनद टिकली, थेट १७८९ च्या क्रांतीपर्यंत. आणि ज्या गावाला स्वतःचा कर स्वतः लावायचा असतो, स्वतःचे हिशेब ठेवायचे असतात, त्या गावाला लिहितावाचता येणं परवडत नाही असं म्हणून चालत नाही. मला विचाराल तर या गावातलं सगळ्यात मोठं स्मारक ही पिसं आहेत, तट नव्हे. पण पिसांना युनेस्कोचा फलक लावता येत नाही. तो २००८ मध्ये तटांना मिळाला.

बाजारातून डावीउजवीकडे न बघता निघालात तर देवळाशी, म्हणजे नोत्र-दामच्या चर्चशी, पोचाल. दोन मनोरे, जाड भिंती, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम. आराखड्यात व्होबाँचा हात आहे, आणि ते त्याच्या भिंतींवरून लगेच कळतं. मनोऱ्यांवर रंगवलेली सूर्यघड्याळं आहेत. ब्रियाँसाँच्या परिसरात अशी घड्याळं घराघरांवर सापडतात. मनगटावरच्या जीपीएस घड्याळाशी ती ताडून पाहू नका. ही इथल्या सूर्याची वेळ दाखवतात, पॅरिसची नव्हे.

आता जरा लांब. तटाबाहेर, पूर्वेकडे, ड्युरांस नदीच्या घळईशी. वारा अंगावर येतो तेव्हा हेल्मेट छातीशी धरा. साल १७३१. घळईवर एकाच कमानीचा दगडी पूल नुकताच पुरा झालाय. खाली बघायचं धाडस असेल तर बघा: पाणी सुमारे ५५ मीटर खाली आहे. कमान एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, मध्ये खांब नाही, कारण खांब उभा करायला खाली जागाच नाही.

हा पूल गावकऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेला नाही. त्याची कथा उट्रेख्तच्या तहात आहे. १७१३ च्या त्या तहाने फ्रान्स आणि साव्हॉय यांची हद्द पाणलोटावर टाकली. पाणी जिकडे वाहतं तिकडचा मुलूख त्याचा. कागदावर हे फार सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात पावणेचारशे वर्षं एका सनदेखाली नांदलेल्या पाच टापूंपैकी तीन पलीकडे गेले, आणि काल जिथे आतेभाऊ राहत होता तिथे आज परकी चौकी बसली. मोंजनेव्रच्या खिंडीवरून येणारा शत्रू आता थेट ब्रियाँसाँच्या दारात. तेव्हा कुठे व्होबाँचा जुना सल्ला फायलीतून बाहेर निघाला. नदीपलीकडच्या डोंगरावर त्रुआ-तेतचा अवाढव्य गड, त्याच्या डोक्यावर आणखी गड; वज्रगडाची जी चूक होती ती इथे होऊ द्यायची नाही असा निर्धार. आणि गावातून त्या गडावर फौज, दारूगोळा, भाकरी पोचवायला हा पूल. काम मार्की द आस्फेल्डच्या देखरेखीखाली झालं म्हणून पुलाला त्याचं नाव.

एवढा खटाटोप केला आणि लढाई? फारशी नाहीच. १८१५ मध्ये वॉटर्लूची वार्ता येऊन गेल्यावरही जनरल एबर्लेने गावाचे दरवाजे उघडायचं नाकारलं आणि ऑस्ट्रिया-सार्डिनियाच्या फौजेला महिनोन्‌महिने बाहेर तिष्ठत ठेवलं. गड पडला नाही, हीच त्याची कमाई.

पुलावरून परत आलात? आता सायकल घ्या. इथून पुढे ती लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाची अखेर. इझोआरच्या उतारावर निळ्या गणवेशातले सैनिक कुदळ-फावडी घेऊन रांगेने काम करतायत. इटली आता एकसंध राष्ट्र आहे आणि जर्मनीशी तिची दोस्ती आहे, त्यामुळे फ्रान्सच्या लष्कराला या डोंगरांची पुन्हा काळजी. गड आहेत, पण तोफा एका दरीतून दुसऱ्या दरीत न्यायच्या कशा? खेचरांच्या पायवाटांवरून तोफगाडा जात नाही. म्हणून रस्ते.

इथे सायकलवरून उतरा आणि त्यांच्या कामाकडे नीट बघा, कारण तुमच्या मांड्यांचं भवितव्य इथे ठरतंय. पायवाट डोंगर चढते ती नाकासमोर, जमेल तशी. तोफेचा रस्ता तसा चालत नाही. ओढणाऱ्या जनावरांनी तो तासन्‌तास चढला पाहिजे, आणि थांबल्यावर गाडा मागे घरंगळता कामा नये. म्हणून इंजिनियर डोंगराला वळसे घालतो, चढ सतत ठेवतो पण फार उभा होऊ देत नाही, आणि वळणावर जागा मोकळी सोडतो, कारण तोफगाडा जागच्या जागी वळत नाही. सतत पण सहन होणारा चढ आणि ऐसपैस हेअरपिन: शर्यतीच्या आयोजकाने मागणी नोंदवली असती तर हेच मागितलं असतं. आज इझोआरच्या माथ्यावर, २,३६० मीटरवर, तुम्ही ज्या दगडी स्तंभाला सायकल टेकवून फोटो काढता तो आल्प्समधल्या या लष्करी रस्त्यांमागच्या जनरल बेर्जच्या आणि ते खणणाऱ्या फौजेच्या नावाचा आहे. खाली वाकून तो वाचणारे थोडे. श्वास जागेवर यायला तेवढा वेळ लागतोच, तेव्हा वाचा.

आणि मग शर्यत येतेच. १९२२. टूर द फ्रान्स पहिल्यांदा इझोआर चढून ब्रियाँसाँला येतेय. नीसपासून २७४ किलोमीटर, मध्ये आलोस, व्हार्स आणि शेवटी हा घाट. तुम्ही चढाच्या पायथ्याशी उभे आहात. धुळीचा एक लोट थांबतो, त्यातून माणूस उतरतो. खांद्यावर आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली जादा टायरं. तो घाईघाईने मागच्या चाकाच्या पंखी चाव्या फिरवतो, चाक काढतो, उलटं करतो, पुन्हा बसवतो. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रं आहेत: एक सपाटीसाठी, एक चढासाठी. गिअर बदलणं म्हणजे एवढा सगळा प्रकार. साखळीचं काळं तेल बोटांना, बोटांचं कपाळाला. तुमच्या हँडलवरच्या बटणाकडे त्याचं लक्ष गेलेलं नाही, आणि ते बरंच आहे. डिरेलर, म्हणजे चाक न काढता साखळी सरकवणारं यंत्र, वापरायला टूरमध्ये १९३७ पर्यंत परवानगी मिळणार नाही. त्या दिवशी ब्रियाँसाँला पहिला आला तो बेल्जियमचा फिलिप टिस. टूर तीनदा जिंकलेला माणूस.

एक दिवस असा आहे जेव्हा रस्त्यावर सायकल नको. २१ जून १९४०. मान वर करून ईशान्येकडे बघा: ३,१३१ मीटरचा शाबेर्तों, माथ्यावर इटलीच्या तोफांचे आठ मनोरे, ब्रियाँसाँवर रोखलेले. दिवसभर ढग आहेत. दुपारी ढग फाटतात आणि दरीत दडवलेल्या फ्रेंचांच्या चार उखळी तोफा सुरू होतात. संध्याकाळपर्यंत आठांपैकी सहा मनोरे निकामी. युद्धाच्या मोठ्या हिशेबात याने काही फरक पडला नाही. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदीवर सही केली. पण इथले लोक अजून ती दुपार सांगतात. १९४७ च्या तहाने शाबेर्तों फ्रान्सकडे आला. त्याच्या माथ्यापर्यंत जाणारा इटालियनांचा लष्करी रस्ता आता माउंटन बाइकवाले चढतात, निम्मा सायकल खांद्यावर घेऊन.

आता जॅकेट घाला. १५ जुलै १९४८, आणि जुलै असला तरी इझोआरवर गारठवणारा पाऊस आहे. रस्ता डांबरी नाही, राड झालीय.

काल, १४ तारखेला, शर्यतीला कान इथे सुट्टी होती. त्याच दिवशी रोममध्ये संसदेबाहेर कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यातींवर गोळ्या झाडल्या गेल्या. इटलीत संप, दंगे, कारखान्यांचा ताबा. इटालियन पत्रकार बॅगा भरून परतायच्या विचारात. आणि ज्याच्यासाठी ते आले होते तो जिनो बार्ताली एकवीस मिनिटांनी मागे. १९३८ मध्ये टूर जिंकलेला हा माणूस तीन दिवसांत ३४ वर्षांचा होणार आहे. आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी २३ वर्षांच्या लुईझों बोबेकडे. मधली दहा वर्षं युद्धाने खाल्ली. सगळ्यांनी बार्तालीला मोडीत काढलंय. रात्री पंतप्रधान दे गास्पेरींचा त्याला फोन आला होता.

तुम्ही शेवटच्या वळणावर उभे आहात. आधी मोटारसायकलचा आवाज, मग काही नाही, मग तो. चिखलाने तोंड ओळखू येत नाही, फक्त मोडकं नाक ओळखू येतं. तो खोगिरावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो, पायडल मारायची त्याची लय सरळ नाहीच. ठरावीक अंतराने एक झटका, मग विसावा, मग झटका. बघताना दम तुम्हाला लागतो. तुम्ही घड्याळ लावता आणि दुसऱ्या क्रमांकाची वाट बघता. एक मिनिट. तीन. पाच. ब्रियाँसाँला दुसरा माणूस सहा मिनिटांहून जास्त उशिरा पोचला. बोबे त्याहून कितीतरी मागे. संध्याकाळी हिशेब लागला तेव्हा बार्तालीची पिछाडी एकवीस मिनिटांवरून एका मिनिटावर आली होती. दुसऱ्या दिवशी जर्सी त्याच्या अंगावर, आणि पॅरिसपर्यंत तिथेच.

या विजयाने इटलीतलं यादवी युद्ध टळलं, असं तेव्हापासून सांगतात. गोष्ट झकास आहे, पण पुरती पटत नाही. तोल्याती वाचले, शुद्धीवर आले, त्यांनीच शांत राहायला सांगितलं, आणि कामगार संघटनांनी संप मागे घेतला. त्याला सायकल लागली नाही. फार तर असं म्हणता येईल की ज्या रात्री लोकांना भांडण सोडून दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं त्या रात्री रेडिओकडे सांगण्यासारखं होतं. तेवढंही थोडं नाही.

पुढच्या वर्षी याच रस्त्यावर, १८ जुलै १९४९ ला, बार्तालीचा ३५ वा वाढदिवस. या वेळी तो एकटा नाही, सोबत फाउस्तो कोप्पी आहे. इटलीतली अर्धी घरं एकाची, अर्धी दुसऱ्याची. दोघं जोडीने घाट चढले, जोडीने ब्रियाँसाँला उतरले, पहिला बार्ताली आला, जर्सीही त्यालाच. दुसऱ्या दिवशी कोप्पीने ती काढून घेतली आणि टूर जिंकली. वाढदिवसाची भेट एका रात्रीपुरतीच होती.

आणि १९५३ मध्ये, इझोआरच्या दक्षिण अंगाला, कास देझेर्तमध्ये, कोप्पीला शोधा. तो शर्यतीत नाही. तो रस्त्याच्या कडेला प्रेक्षकांत उभा आहे, हातात कॅमेरा. पाच वर्षांपूर्वी इथे मागे पडलेला बोबे आता एकटा पुढे येतोय, ब्रियाँसाँला जिंकणार आहे आणि आठवड्याभरात टूरही. त्याच जागी आज दोघांची स्मृतिशिला आहे, एकाच खडकाला शेजारी शेजारी.

आजचं तिकीट तुमच्याकडे आहेच, म्हणून आजचं थोडक्यात. ब्रियाँसाँवरून इझोआर सुमारे वीस किलोमीटर. सेर्व्हियेर गावापर्यंत चढ थोडा बेताचा, तिथून पुढे खरी कसोटी. दर किलोमीटरला दगड आहे, त्यावर पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला. कधी न वाचलेला बरा. उन्हाळ्यात काही ठरावीक सकाळी जिल्ह्याचं प्रशासन असे घाट मोटारींना बंद करतं आणि रस्ता फक्त सायकलींचा असतो. तारखा आधी बघून या. माथ्याच्या अलीकडे रेफ्यूज नेपोलियन लागेल. माथा ओलांडून दोन किलोमीटर पलीकडे उतरल्याशिवाय परतू नका, कारण कास देझेर्त तिकडे आहे: पिवळट मुरमाचे उतार आणि त्यांतून वर आलेले सुळके, झाड जवळजवळ नाही. परतीचा चढ फुकटचा वाटेल, पण कोप्पी जिथे उभा होता ती जागा पाहायची तर तो द्यावाच लागतो.

संध्याकाळी जुन्या गावात तुरतों खा. उकडलेला बटाटा आणि ताजं चीज भरून तळलेल्या चौकोनी करंज्याच म्हणा. सॅलडबरोबर देतात, गरम असतानाच संपवायच्या. दोन प्लेटनंतर उद्याचं बोलू.

उद्या सगळे तुम्हाला गालिबिए सांगतील. लोतारेच्या खिंडीतून २,६४२ मीटरपर्यंत, वर टूरचे जनक देग्रांज यांचं स्मारक, घाट मोठा आहे यात वाद नाही. पण या गावाची फेरी करून झाल्यावर मी म्हणेन, ग्रानों करा. दरीतून वर निघणारा हा रस्ता सुमारे अकरा किलोमीटर, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, आणि २,४१३ मीटरवर जाऊन संपतो. पुढे डांबर नाही. वर लष्कराच्या जुन्या बराकी आहेत. रस्ता त्यांच्यासाठीच काढला आणि तिथवरच नेला. बेर्जच्या लोकांनी इझोआरवर जी दयामाया दाखवली ती इथे कुणी दाखवली नाही. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँडने इथेच पहिल्यांदा पिवळी जर्सी घातली, अमेरिकेच्या वाट्याला आलेली पहिलीच. २०२२ मध्ये याच चढावर योनास व्हिंगेगार्डने तादेइ पोगाचारला मागे टाकलं. सकाळी लवकर निघा, खालच्या खेड्यांत बाटल्या भरून घ्या, आणि सगळ्यात हलका गिअर शेवटच्या पाच किलोमीटरसाठी राखून ठेवा. खालीच लागला तर मग पुढे काही उरत नाही.